झोपण्यापूर्वीचं आत्मपरीक्षण: पाच पायऱ्या, त्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

रात्री क्रुसाची खूण करायची, डोळे मिटून दिवसभरातल्या चुका आठवायच्या, 'प्रभू, क्षमा कर' म्हणायचं आणि दिवा घालवायचा. आत्मपरीक्षण म्हणून बऱ्याच ख्रिस्ती घरांत जे चालतं ते एवढंच. महिन्याभरात त्याचा कंटाळा येतो, कारण चुका त्याच आणि यादीही तीच. काहींना कंटाळ्याऐवजी धास्ती बसते. काहींचं उलटं होतं: यादी दिवसेंदिवस आखूड होत जाते आणि आपण बऱ्यापैकी सज्जन आहोत असं वाटायला लागतं. तिन्हींचं मूळ एकच आहे. पाच पायऱ्यांपैकी फक्त तिसरी घेतलेली असते, तीही अर्धी.

पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिलेल्या 'आत्मिक साधना' या पुस्तिकेत येशू संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी या पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत: आभार, कृपेची मागणी, दिवसाची उजळणी, क्षमायाचना आणि सुधारणेचा निश्चय. शेवटी प्रभूची प्रार्थना. तुम्ही वसईचे कॅथलिक असा, अहिल्यानगरचे प्रोटेस्टंट असा किंवा कुठल्याही मंडळीत न बसणारे असा, हा क्रम कुणालाही वापरता येतो. त्याला धर्मगुरू लागत नाहीत, मेणबत्तीही लागत नाही. क्रम मात्र लागतो.

आधी एक गोंधळ मिटवू

कुमसाराला (फादरांपुढे पापं कबूल करण्याच्या संस्काराला) जाण्यापूर्वी दहा आज्ञा समोर ठेवून आपण मनाची जी तपासणी करतो, ती वेगळी. तिथे गेल्या कुमसारापासूनची पापं आठवून ती फादरांना सांगायची असतात आणि संस्कारातून क्षमा मिळवायची असते. रोजच्या आत्मपरीक्षणात पाप हा एक भाग आहे, पण विषय आहे आजचा दिवस: त्यात देव कुठे भेटला, मी कुठे त्याच्याबरोबर चाललो, कुठे वाट सोडली. अम्माऊसच्या वाटेवर त्या दोन शिष्यांना प्रभू सोबत चालत असताना ओळखता आला नाही. तो दिसेनासा झाल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं आणि वाटेत आपलं अंतःकरण कसं पेटलं होतं ते त्यांना उमगलं (लूक २४). रोज रात्री करायचं आहे ते हेच मागे वळून पाहणं.

कुमसाराची यादी रोज रात्री वापरत असाल, तर आजपासून ती बाजूला ठेवा. ती कुमसाराच्या आदल्या दिवशी कामाला येईल.

तयारी

वेळ दहा ते पंधरा मिनिटं. त्याहून जास्त नको, विशेषतः सुरुवातीला. झोपण्यापूर्वी म्हणजे अंथरुणावर आडवं झाल्यावर नव्हे. आडवं होऊन केलेलं आत्मपरीक्षण दुसऱ्या पायरीच्या पुढे जात नाही, हे वेगळं सांगायला नको. जेवण आणि झोप यांच्या मधली वेळ धरा. घरात संध्याकाळी रोजरी (जपमाळेची प्रार्थना) होत असेल, तर ती संपल्यावर सगळे उठले की तिथेच बसून राहणं सर्वांत सोपं. जागा तयार असते, मनही थोडं निवलेलं असतं.

रात्रपाळी करणाऱ्या नर्स, रिक्षावाले, कॉल सेंटरमधली मुलं यांनी घड्याळाची रात्र पाळू नये. तुमचा 'दिवस' म्हणजे मागच्या परीक्षणापासून आत्तापर्यंतचा काळ. पाळी संपवून घरी आल्यावर, अंघोळ झाली की करा. विरार लोकलमध्ये बसायला जागा मिळालीच तर तिथेही करता येतं, पण पहिले काही आठवडे तरी घरी, एका ठरलेल्या जागी करावं.

मोबाइल दुसऱ्या खोलीत. 'सायलेंट'वर ठेवून खिशात नव्हे, दुसऱ्या खोलीत. वेळेसाठी भिंतीवरचं घड्याळ पुरतं.

एक छोटी वही ठेवा. रोज जास्तीत जास्त दोन ओळी लिहायच्या आणि त्याही सगळं झाल्यावर. लिहीत लिहीत आत्मपरीक्षण केलं की ती डायरी होते, आणि डायरीत माणूस स्वतःशी बोलत राहतो, देवाशी नाही.

बसण्यापूर्वी करायची एक गोष्ट इग्नेशियसने ध्यानासाठी सांगितली आहे, ती इथेही उपयोगी पडते. बसायच्या जागेपासून एक-दोन पावलं अलीकडे उभं राहायचं आणि एक 'आमच्या स्वर्गीय पित्या' म्हणायला लागतो तेवढा वेळ, देव आपल्याकडे कसा पाहतो आहे याचा विचार करायचा. मग बसायचं. हे कृत्रिम वाटेल, तरी टाळू नका. दिवसभर आपण साहेबांच्या, सासूच्या, ग्राहकाच्या नजरेखाली असतो. ती नजर उतरवून ठेवायला एवढा वेळ तरी हवा.

पायरी १: आभार

इथे तीन-चार मिनिटं द्या. बहुतेक जण तीस सेकंद देतात.

आजच्या दिवसातल्या दोन-तीन ठळक गोष्टी घ्या. 'आरोग्य, कुटुंब, नोकरी' नको. ते रोज म्हणता येतं, म्हणून काही दिवसांनी त्यातून आजचा दिवस गळून पडतो. सकाळी नळाला पाणी वेळेवर आलं. दुकानदाराने सुट्टे नसताना 'उद्या द्या' म्हटलं. मुलगी शाळेतून येऊन स्वतःहून पाच मिनिटं बोलली. इतकं लहान चालतं, खरं तर इतकंच लहान हवं. प्रत्येक गोष्ट देवाकडून आली असं समजून, ती आठवून क्षणभर थांबायचं.

आभार आधी का, तर पुढच्या पायरीत आपण स्वतःकडे पाहणार आहोत. आपल्याला दिलं गेलं आहे हे ठाऊक असलेल्या माणसाला आपली चूक सोसवते. ज्याला ते ठाऊक नाही तो चूक लपवतो तरी किंवा तिच्याखाली दबतो तरी.

सावधान: आभार मानतानाही घसरता येतं. मंदिरातल्या परूश्याची (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातल्या माणसाची) प्रार्थना आभारानेच सुरू होते (लूक १८). आपण इतरांसारखे नाही, दूर उभ्या असलेल्या जकातदारासारखे तर मुळीच नाही, याबद्दल तो देवाचे आभार मानतो. तुमच्या आभारात दुसऱ्या कुणाशी तुलना डोकावली ('आमची मुलं निदान त्यांच्या मुलांसारखी नाहीत'), तर ते वाक्य तिथेच सोडा आणि दुसरी गोष्ट घ्या.

वाईट दिवशी काय करायचं? घरात मयत झालं त्या रात्री 'या दुःखाबद्दल धन्यवाद' असं ओढूनताणून म्हणायची काहीही गरज नाही. शेजारणीने आणून दिलेल्या पेजेबद्दल म्हणा. तेही सुचत नसेल तर सुचत नाही म्हणून देवाला सांगा आणि पुढे चला.

पुढे जाण्यापूर्वी पाहा: तुम्ही सांगितलेल्या गोष्टी फक्त आजच्याच होत्या का? काल किंवा परवाही जशाच्या तशा लागू पडल्या असत्या, तर अजून एक मिनिट थांबा.

पायरी २: दिसावं म्हणून मागणं

ही सर्वांत छोटी पायरी, आणि सर्वांत जास्त गाळली जाणारीही. मला जे पाहायला हवं ते दिसावं आणि जे टाकायला हवं ते टाकता यावं, यासाठी कृपा मागायची. शब्द तुमचे. ज्यांना शब्द सापडत नाहीत त्यांनी १३९ व्या स्तोत्राच्या शेवटच्या दोन ओळी घ्याव्यात. तिथे भक्त देवालाच म्हणतो की माझी झडती घे.

ही पायरी गाळली की तिसऱ्या पायरीवर तपासणारेही आपण आणि तपासले जाणारेही आपण. मग ज्याचा स्वभाव कडक तो स्वतःला सोलून काढतो, ज्याचा सैल तो स्वतःला सोडून देतो. दोघांनाही त्या दिवसात खरोखर काय घडलं ते दिसत नाही.

मागून झालं की लगेच आठवायला लागू नका. चार-पाच श्वास गप्प राहा.

पायरी ३: दिवसाची उजळणी

पाच-सहा मिनिटं. इग्नेशियसची सूचना साधी आहे: उठल्यापासून आत्तापर्यंत तासामागून तास, किंवा दिवसाचे टप्पे पाडून, आधी विचार, मग शब्द, मग कृती. म्हणजे सकाळ, प्रवास, काम, दुपार, घरी येणं, संध्याकाळ असे टप्पे धरा आणि चालत जा. सगळ्यात मोठी चूक शोधत थेट तिच्यावर उडी मारू नका.

विचार आधी का, हे एका उदाहरणावरून पाहा. एक शिक्षिका आहे असं धरू. सकाळी स्टाफरूममध्ये कळलं की यंदा स्नेहसंमेलनाची जबाबदारी दुसऱ्या बाईंकडे गेली. ती म्हणाली, "छान झालं, तुम्हीच हव्या होतात." शब्दांत काही चूक नाही. चौथ्या तासाला तिने सातवीच्या वह्या तपासल्या आणि एरवी जिथे ती फक्त खूण करते तिथे तीन मुलांना 'पुन्हा लिहा' असा शेरा दिला. संध्याकाळी नवऱ्याने भाजीबद्दल काही विचारलं तर तिने उत्तरच दिलं नाही. फक्त कृती मोजल्या तर यादीत येईल: 'नवऱ्याशी नीट बोलले नाही.' त्याची ती क्षमा मागेल आणि उद्या पुन्हा तसंच होईल. टप्प्याटप्प्याने चालत गेली, तर स्टाफरूममधला तो एक कडवट क्षण सापडेल. तांबड्या पेनचा जोर आणि रात्रीचा अबोला दोन्ही तिथून निघाले होते. देवाला दाखवायचं आहे ते तो क्षण.

म्हणून प्रत्येक टप्प्यावर 'मी काय केलं?' याच्या बरोबरीने दुसरा प्रश्न विचारा: 'त्या वेळी माझं मन कुठल्या दिशेने सरकत होतं?' विश्वास, आशा, प्रीती वाढत होती का? की अंधारल्यासारखं, आळसटलेलं, कुणाचंच तोंड पाहू नये असं वाटत होतं? यात फसगत अशी होते की बरं वाटणं म्हणजे देवाजवळ असणं आणि वाईट वाटणं म्हणजे दूर असणं, असं समजलं जातं. आईच्या कबरीपाशी रडताना माणूस देवाच्या अगदी जवळ असू शकतो. आणि मित्रांच्या टोळक्यात कुणाची तरी टवाळी करत हसत घालवलेल्या मजेच्या संध्याकाळीनंतर आत काहीतरी कोरडं पडलेलं असतं. चव घ्यायची आहे ती नंतरची.

*आतला आवाज कुणाचा, हे कसं ओळखायचं*

उजळणी करताना आत टोचणी लागते. प्रत्येक टोचणी देवाची नसते. जो माणूस प्रामाणिकपणे देवाकडे जायचा प्रयत्न करतो आहे, त्याच्याबाबत इग्नेशियसचा नियम असा: वाईट आत्मा त्याला कुरतडतो, खिन्न करतो, खोट्या कारणांनी अस्वस्थ करतो, पुढचं पाऊल अडवतो, चांगला आत्मा धीर आणि बळ देतो, अडथळे हलके करतो. पाण्याचा थेंब स्पंजावर पडावा तसा चांगला, दगडावर आपटावा तसा वाईट.

रोजच्या वापरासाठी माझी खूण अशी: पवित्र आत्म्याने दाखवलेली चूक नेमकी असते. तिला वेळ असते, जागा असते, माणूस असतो, आणि तिच्याबरोबर काय करता येईल तेही दिसतं. 'तू असाच आहेस, तुझ्याच्याने कधी होणार नाही' असा सरसकट आवाज आला की त्याच्याशी वाद घालत बसू नका. पुढच्या टप्प्यावर जा.

पण हा नियम सगळ्यांना एकसारखा लावू नका. जो माणूस एका गंभीर पापातून दुसऱ्या पापाकडे निवांत चालला आहे, त्याच्या बाबतीत गोष्ट उलटी असते. त्याला वाईट आत्मा गोंजारतो, मौजमजेची चित्रं दाखवतो, आणि चांगला आत्माच सदसद्विवेकाला टोचतो. पैशाची अफरातफर करणाऱ्याने 'मला टोचतंय म्हणजे हे सैतानाचं काम' असं म्हणणं म्हणजे औषधाची बाटली फेकून देणं.

सावधान: काही जणांना प्रत्येक गोष्टीत पाप दिसतं. कुमसार करून आल्यावरही 'नीट सांगितलं नाही' म्हणून ते पुन्हा रांगेत उभे राहतात. खुद्द इग्नेशियसला स्पेनमधल्या मॅनरेसात असल्या शंकांनी इतकं छळलं की जीव द्यावा असं त्याला वाटत होतं. तुमचं असं होत असेल, तर ही तिसरी पायरी काही काळ पूर्ण बंद ठेवा. पहिली, दुसरी आणि प्रभूची प्रार्थना एवढंच करा. एकच फादर किंवा पाळक धरा आणि ते सांगतील तेवढंच पाळा. जीव नकोसा होण्यापर्यंत गोष्ट गेली, तर त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा. त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

पायरी ४: क्षमा

जे दिसलं त्याबद्दल क्षमा मागा. एक मिनिट पुरतं. अश्रू यायला हवेत असं नाही. जकातदाराने एकच वाक्य म्हटलं आणि तो नीतिमान ठरून घरी गेला.

चूक माणसाविरुद्ध असेल तर देवाची क्षमा मागून प्रकरण मिटवू नका. कुणाशी बोलायचं आहे ते पुढच्या पायरीत न्या. कॅथलिकांसाठी आणखी एक: गंभीर पाप दिसलं असेल, तर आत्मपरीक्षण हा कुमसाराचा पर्याय नाही. येत्या शनिवारी पॅरिशमध्ये कुमसाराची वेळ काय आहे ते पाहून ठेवा.

पायरी ५: उद्या

'उद्यापासून चांगलं वागेन' हा निश्चय नव्हे, ती झोपेची तयारी आहे. उद्याचा दिवस डोळ्यांसमोर आणा आणि त्यातली एकच जागा निवडा. शिक्षिकेच्या बाबतीत: मधल्या सुट्टीत त्या बाईंना जाऊन विचारणं, 'कुठला कार्यक्रम मी बसवू?' वेळ ठरलेली, माणूस ठरलेला, वाक्यही जवळपास ठरलेलं. आणि त्यासाठी कृपा मागणं. हा निश्चय आपल्याच बळावर उचलायचा ठरवला की तिसऱ्या दिवशी तो खाली पडतो.

मग प्रभूची प्रार्थना, सावकाश. मग वहीत दोन ओळी: एक आभाराची, एक उद्याची. पापं लिहू नका. वही कुणाच्या हाती लागेल म्हणून नव्हे (तेही आहेच), तर लिहिलेली पापं आपण पुन्हा पुन्हा वाचतो, क्षमा झाल्यावरसुद्धा.

एकच दोष धरून चालायचं असेल तर

वरचं सगळं किमान महिनाभर अंगवळणी पडल्यावरच हे जोडा. एक दोष निवडा: चिडून बोलणं, खोटं सांगणं, पाठीमागे बोलणं. दोन नव्हे, एक. सकाळी उठल्याउठल्या त्यापासून सावध राहायचं ठरवायचं. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्री, किती वेळा घडलं ते मोजून वहीत तितके ठिपके द्यायचे. इग्नेशियसने यासाठी आठवड्याच्या सात दिवसांना दोन-दोन रेघा आखून दिल्या आहेत, वरची दुपारची, खालची रात्रीची. दुपार रात्रीशी, आज कालशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा. दिवसभरात चूक घडली की त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा, चार माणसांत असलात तरी. कुणाच्या लक्षात येत नाही.

ठिपके वाढले म्हणून घाबरू नका. पहिल्या आठवड्यात ते हमखास वाढतात, कारण आता दिसायला लागलेलं असतं. महिनाभरात ठिपक्यांवरच सगळं लक्ष जायला लागलं, आभाराची पायरी आखडली, तर रेघा बंद करा.

कोरडे दिवस

काही आठवड्यांनी असे दिवस येतातच, जेव्हा बसवत नाही, काही आठवत नाही, सगळं नाटकी वाटतं. त्या काळात दोन गोष्टी पाळा. मन उजेडात असताना घेतलेला कुठलाही निर्णय अशा दिवसांत बदलायचा नाही. आत्मपरीक्षण सोडायचा निर्णय तर अजिबात नाही. आणि ठरलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट जास्त बसायचं, कमी नाही.

मग कारण पाहा. इग्नेशियस तीन कारणं देतो: आपण आळस केला, देव आपली पारख करतो आहे, किंवा गोडवा ही आपली कमाई नव्हे, देणगी आहे, हे तो दाखवून देतो आहे. पहिलं कारण आपल्या हातात आहे. झोप अपुरी, रात्री अकरापर्यंत मालिका, वेळ रोज बदललेली असं काही असेल तर आधी ते दुरुस्त करा. बाकी दोन्हींसाठी धीर धरण्यापलीकडे काही करायचं नसतं.

या दिवसांत एखादा विचार 'हे कुणाला सांगू नकोस' असं म्हणत असेल, तर तो नेमका सांगायचा विचार आहे. फादर, सिस्टर, पाळक, जाणती मावशी, कुणीही विश्वासाचं चालेल.

महिन्याच्या शेवटी

एका रविवारी अर्धा तास काढा आणि वहीतल्या ओळी सलग वाचा. आभाराच्या ओळींत एखादं माणूस किंवा एखादी वेळ वारंवार येते का? उद्याच्या ओळींत एकच जागा पुन्हा पुन्हा येते का, की ती दर वेळी 'उद्या'वरच राहते? उपवासकाळात (ईस्टरपूर्वी) किंवा आगमनकाळात (नाताळपूर्वी) मार्गदर्शकाकडे किंवा रिट्रीटला जाणार असाल, तर एवढंच घेऊन जा. त्यांना तुमच्या पापांच्या यादीपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

मध्ये दिवस चुकले असतील तर ते भरून काढू नका. तीन दिवसांचं परीक्षण एका रात्रीत करायला गेलं की पुन्हा यादीच होते. चुकलेले दिवस तसेच सोडून आजच्या सकाळपासून सुरू करा, पहिल्या पायरीने.